वाचकांचे प्रश्न: भुकटी पांढरी झाली, पण शुद्ध झाली का?

धातूंच्या ऑक्साइडांविषयी गेल्या काही आठवड्यांत आलेली चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. चारही पत्रलेखकांची कामे वेगळी आहेत, परंतु प्रत्येकाला शेवटी एकच विचारायचे आहे, की हाती आलेली भुकटी शुद्ध आहे हे ओळखायचे कसे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मला प्रत्येक वेळी उलट विचारावे लागते, की कशापासून शुद्ध? ओलाव्यापासून, सोडियमपासून, न जळलेल्या धातूपासून, की शिशासारख्या विषारी धातूपासून? भुकटी ज्या वाटेने तयार झाली त्या वाटेवरची धूळच तिला लागलेली असते, आणि म्हणून तपासणीची सुरुवात उपकरणापासून न करता कृतीच्या वहीपासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न: आम्ही प्रकल्पासाठी झिंक सल्फेटच्या द्रावणात धुण्याच्या सोड्याचे द्रावण घालून पांढरा साका (तळाशी बसणारा घन पदार्थ) मिळवला, तो गाळून कॉलेजमधल्या बोअरच्या पाण्याने धुतला आणि भट्टीत ४०० अंश सेल्सिअसला तासभर तापवला. बाहेर काढताना भुकटी पिवळी होती, नंतर पांढरी झाली. ईडीटीएने (धातूंना बांधून घेणाऱ्या रसायनाने) टायट्रेशन (थेंबाथेंबाने द्रावण घालून मोजणी) केल्यावर झिंक ऑक्साइडची शुद्धता १००.९ टक्के आली. शंभराहून जास्त शुद्धता कशी असू शकेल? अहवालात ९९.९ लिहावे का?
(बी. एस्सी. तृतीय वर्षाचा विद्यार्थी, नांदेड)

उत्तर: कृपा करून तसे लिहू नका. १००.९ हा आकडा वहीत जसा आहे तसाच राहू द्या, कारण तुमच्या भुकटीविषयी सर्वांत जास्त माहिती त्याच आकड्यात आहे.

पिवळेपणाची काळजी नको. तापलेले झिंक ऑक्साइड पिवळे दिसते आणि निवल्यावर पांढरे होते, हा त्याचा स्वभावच आहे. पूर्ण निवल्यावरही पिवळट छटा राहिली तर मात्र लोह किंवा कॅडमियमचा संशय घ्यावा, आणि भुकटी राखाडी दिसली तर न जळलेला कार्बन किंवा धातूचे कण राहिले असावेत असे समजावे.

आता शंभरावरच्या आकड्याकडे येऊ. ईडीटीए हा रेणू फक्त जस्तालाच धरतो असे नाही. तुम्ही पीएच १० वर, एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा दर्शक वापरून टायट्रेशन केले असणार. त्या परिस्थितीत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही ईडीटीएशी बांधले जातात, आणि ब्युरेटवरचा प्रत्येक मिलिलिटर तुम्ही जस्ताच्या नावावर मांडता. ०.१ मोलर ईडीटीएचा एक मिलिलिटर म्हणजे ८.१३८ मिलिग्रॅम झिंक ऑक्साइड, पण तोच एक मिलिलिटर म्हणजे केवळ ४.०३ मिलिग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड. याचा अर्थ असा, की भुकटीत ९९ टक्के झिंक ऑक्साइड आणि एक टक्का मॅग्नेशियम ऑक्साइड असेल, तर तो एक टक्का मळ दोन टक्के जस्त म्हणून मोजला जातो आणि उत्तर १०१ येते. अशुद्ध भुकटी शुद्धापेक्षाही शुद्ध ठरते ती अशी. औषधी दर्जाच्या झिंक ऑक्साइडसाठी ९९.० ते १००.५ टक्के अशी मर्यादा घातलेली असते. ती वरच्या बाजूला शंभर ओलांडते याचे कारणही हेच, की ती मर्यादा मोजण्याच्या पद्धतीच्या चुकांसह ठरवलेली आहे.

तुमच्या बाबतीत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कुठून आले असतील, हे तुमच्याच पत्रात आहे. बोअरचे पाणी जड असते. साक्यात अजून सोडा शिल्लक असताना त्यावर जड पाणी ओतले, की पाण्यातला चुना आणि मॅग्नेशियम तिथल्या तिथे कार्बोनेट होऊन साक्यावर बसतात. तुम्हाला वाटते साका धुतला जात आहे, प्रत्यक्षात त्यावर नवा साका चढत असतो.

दुसरा संशयित ईडीटीएचे द्रावण हा आहे. बाटलीतले मीठ ओलसर असेल तर तोलून घेतलेल्या वजनात ईडीटीए कमी असतो, द्रावण समजुतीपेक्षा पातळ निघते, ते जास्त लागते आणि शुद्धता फुगते. म्हणून शुद्ध जस्ताचे दाणे तोलून, आम्लात विरघळवून, त्यांच्यावर ईडीटीएची खरी तीव्रता आधी ठरवून घ्यावी. दोघांपैकी दोषी कोण हे शोधायला फार खर्च नाही. तेच टायट्रेशन पीएच स्थिर ठेवणारे हेक्झामिन वापरून पीएच ५ ते ६ वर झायलेनॉल ऑरेंज हा दर्शक घेऊन पुन्हा करा. तिथे द्रावण लालसर जांभळ्याचे लिंबासारखे पिवळे होते, आणि तिथे कॅल्शियम व मॅग्नेशियम मोजले जात नाहीत. आकडा शंभराखाली उतरला तर दोष पाण्याचा, तिथेच राहिला तर दोष ईडीटीएचा.

पुढच्या वेळी कृतीच बदला. सोडियम कार्बोनेट स्वस्त असले तरी त्यातला सोडियम साक्याला चिकटतो आणि भट्टीत कुठेही जात नाही, शेवटपर्यंत भुकटीतच बसून राहतो. सल्फेटचेही तसेच आहे. जस्ताचे अल्कधर्मी सल्फेट साक्याबरोबर खाली बसते आणि ४०० अंशांना ते मोडत नाही. त्याऐवजी झिंक नायट्रेट आणि अमोनियम बायकार्बोनेट घ्या. या दोघांचे जे काही मागे राहील ते तापल्यावर वायू होऊन निघून जाते. भट्टी मात्र हवा खेचणाऱ्या कपाटात असू द्या, कारण नायट्रेट उरले असेल तर तपकिरी विषारी वायू निघतो. अमोनिया जास्त झाला तर जस्त पुन्हा विरघळते, तेव्हा हात आखडता ठेवावा.

धुण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक भुकट्या इथेच बिघडतात. गाळणीवरच्या साक्यात १० मिलिलिटर मूळ द्रावण अडकले आहे असे समजा. त्यावर २७० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी एकदम घालून ढवळून निथळले, तर मळाचा अठ्ठाविसावा भाग मागे राहतो. तेच पाणी ९०-९० मिलिलिटरच्या तीन हप्त्यांत वापरले आणि प्रत्येक वेळी पूर्ण निथळू दिले, तर मागे हजारावा भाग राहतो. साक्याच्या पृष्ठभागाला चिकटलेले आयन या हिशेबाला दाद देत नाहीत, पण हिशेबाची दिशा बरोबर आहे. धुणे कधी थांबवायचे हे वेळेवर किंवा अंदाजावर सोडू नका. सल्फेटपासून सुरुवात केली असेल तर निथळलेल्या पाण्याचे काही थेंब परीक्षानळीत घेऊन त्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बेरियम क्लोराइड घाला, क्लोराइडपासून केली असेल तर विरल नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट घाला. नळीमागे काळा कागद धरून पाहा. धूसरपणा दिसतो तोवर धूत राहावे.

आणखी एक खूण सांगतो. पुस्तकातल्या समीकरणात झिंक कार्बोनेट लिहिलेले असते आणि ते तापवल्यावर वजन ३५.१ टक्क्यांनी घटायला हवे. सोड्याने पाडलेला साका मात्र बहुधा अल्कधर्मी कार्बोनेट असतो आणि त्याचे वजन २५.९ टक्केच घटते. वाळलेल्या साक्यापासून अपेक्षेच्या ११४ टक्के उत्पादन आले, असे लिहिलेले अहवाल मी पाहिले आहेत. तिथे जादा काहीच आलेले नसते, समीकरण चुकीचे घेतलेले असते. वाळलेला एक ग्रॅम साका तापवून ०.७४ ग्रॅम उरला तर आपला पदार्थ कोणता हे कळले. तापवणे तासावर मोजू नका. मूस डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, निववून तोला, पुन्हा तापवा, पुन्हा तोला, आणि लागोपाठच्या दोन वजनांत अर्ध्या मिलिग्रॅमहून जास्त फरक उरला नाही, की थांबा.

प्रश्न: मी यशद (जस्त) भस्म स्वतः तयार करतो. वितळलेले जस्त गाईच्या दुधात वारंवार ओतून शोधन (शुद्धी), आघाड्याच्या चूर्णाबरोबर जारण (तापवून भुकटी करणे), नंतर कोरफडीच्या रसात खलून चक्रिका (वड्या) आणि पुटे (बंद भांड्यात भाजणे), असा क्रम आहे. भस्म वारितर (पाण्यावर तरंगणारे) आणि रेखापूर्ण (बोटांच्या रेषांत भरणारे) आहे, निश्चंद्रही (धातूची चमक नसलेले) आहे. तरीही प्रयोगशाळेचा अहवाल मागितला जातो. आपल्या परीक्षा पुरेशा नाहीत का?
(एक वैद्य, पुणे)

उत्तर: वैद्यराज, आपण उल्लेखिलेल्या परीक्षा मी माझ्या हातांनी करून पाहिल्या आहेत आणि त्यांविषयी मला आदर आहे. प्रत्येक परीक्षा नेमका कोणता प्रश्न विचारते हे पाहिले, तर पुरेशी आणि अपुरी हा वादच राहत नाही.

झिंक ऑक्साइड पाण्याच्या साधारण साडेपाच पट जड असते. तरीही चिमूटभर भस्म स्थिर पाण्यावर तरंगते, कारण कण अतिशय बारीक असून पाण्याच्या पृष्ठभागावरचा ताण त्यांना पेलून धरतो. त्याच वाटीत साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडून पाहावा. तरंगणारा थर फाटतो आणि भस्म तळाला बसते. पदार्थ तोच राहिला, फक्त पाण्याचा ताण कमी झाला. म्हणजे वारितर परीक्षा कणांच्या सूक्ष्मतेची आहे, आणि तर्जनी व अंगठ्याच्या रेषांत भस्म भरते का हे पाहणारी रेखापूर्णत्वाची परीक्षाही सूक्ष्मतेचीच आहे. तितकाच बारीक केलेला खडूही रेषांत भरेल.

निश्चंद्रत्व आणि अपुनर्भव यांचा रोख वेगळा आहे. भस्मात धातूची चमक उरली आहे का, आणि गूळ, गुंज, मध, तूप व टंकण यांच्याबरोबर तापवल्यावर धातू परत येतो का, असे या परीक्षा विचारतात. मुक्त धातू उरला आहे का हा अस्सल रासायनिक प्रश्न आहे, आणि तो आजच्या भाषेतही विचारता येतो. मूस घेऊन भस्म आधी ५०० अंशांना तापवावे, म्हणजे ओलावा आणि जस्ताचे कार्बोनेट जातील, आणि मग त्यातला काही भाग विरल आम्लात टाकावा. झिंक ऑक्साइड निमूट विरघळते. बुडबुडे आले तर ते जस्ताच्या धातूमुळे सुटणाऱ्या हायड्रोजनचे असू शकतात; राखेतल्या चुन्याचे कार्बोनेट मात्र ५०० अंशांना मोडत नाही आणि तेही बुडबुडे काढते. आधी तापवण्याचे कारण असे, की जस्ताचे कार्बोनेट असेल तर तेही बुडबुडे काढते आणि दोहोंची गल्लत होते.

या परीक्षा जे विचारत नाहीत ते शिसे आणि कॅडमियम. जस्ताच्या खनिजांत हे दोन धातू सोबतीला असतात आणि बाजारातल्या जस्तात त्यांचा अंश राहतो. कॅडमियम ७६७ अंशांना उकळते आणि जस्त ९०७ अंशांना, तर शिसे १७०० अंशांच्याही वर. त्यामुळे मंद आचेच्या जारणात शिसे कुठेही जात नाही, ऑक्साइड होऊन भस्मातच राहते. ते तरंगण्याला आडवे येत नाही आणि चमकतही नाही. आघाड्याच्या राखेतले पोटॅशियमचे क्षार पाण्याने धुतले जातात, पण तिच्यातला चुना बराचसा मागे राहतो. रुग्णाच्या पोटात जाणाऱ्या वस्तूत दशलक्षात किती भाग शिसे आहे हे बोटांना कळू शकत नाही, त्यासाठी भस्म आम्लात विरघळवून आयसीपी या धातूंचे सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर मोजावेच लागते. माझी सूचना अशी, की तयार भस्माच्या आधी जस्ताच्या प्रत्येक नव्या लगडीचीच तपासणी करून घ्यावी. अशुद्ध लगडीवर इतके दिवसांचे श्रम घालण्यापेक्षा ती परत करणे सोपे.

प्रश्न: मी लँथेनम फेराइट (लँथेनम आणि लोहाचे संयुक्त ऑक्साइड) तयार करते. ९९.९९ टक्के शुद्धतेचे लँथेनम ऑक्साइड वापरूनही प्रत्येक वेळी लोहाचे ऑक्साइड थोडे उरते. पुरवठादाराचा माल खराब असेल का? आणि एक्स-रे विवर्तनात एकच प्रावस्था (एकाच स्फटिकरचनेचा पदार्थ) दिसली तर नमुना शुद्ध मानावा का?
(संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर: माल बहुधा चांगलाच असेल. बाटलीवरचे ९९.९९ नीट वाचा. तो आकडा पुष्कळदा इतर धातूंची बेरीज शंभरातून वजा करून काढलेला असतो. त्यात पाणी आणि कार्बन डायऑक्साइड धरलेलेच नसतात. लबाडी म्हणून असे करतात असे नाही. साध्या टायट्रेशनने ९९.९ आणि ९९.९९ यांतला फरक दाखवताच येत नाही. २५ मिलिलिटरच्या वाचनात अर्ध्या दशांशाची चूक झाली तरी ती ०.२ टक्के होते. म्हणून उच्च शुद्धता नेहमी उरलेला मळ मोजूनच सांगतात, आणि कोणता मळ मोजला हे विचारणे वापरणाऱ्याचे काम असते.

लँथेनम ऑक्साइड हवेतले पाणी शोषून हायड्रॉक्साइड होते. पूर्ण बदल झाला तर वजन १६.६ टक्क्यांनी वाढते. उघडझाप झालेल्या बाटलीतून १० ग्रॅम तोलले आणि ते सगळेच हायड्रॉक्साइड असले, तर हाती खरे ऑक्साइड ८.५८ ग्रॅमच पडते. दिसायला तीच पांढरी भुकटी. तुमच्या पावडरीत फक्त ६ टक्के पाणी असले तरी लँथेनम तितके कमी पडते आणि तयार मालात सुमारे २ टक्के लोहाचे ऑक्साइड उरते.

उपाय साधा आहे. तोलण्यापूर्वी भुकटी ९०० ते १००० अंशांना काही तास तापवा. याहून कमी तापमानाला पाणी जाते, पण कार्बोनेट रेंगाळते. भट्टीतून काढून डेसिकेटरमध्ये निववा आणि निवताच तोला. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. किती घट आली ते प्रत्येक वेळी लिहून ठेवा. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात त्याच बाटलीचे आकडे वेगळे येतील.

एक्स-रे विवर्तनाविषयी थोडक्यात सांगायचे, तर दोन ते पाच टक्क्यांहून कमी असलेली दुसरी प्रावस्था नेहमीच्या मोजणीत सहज लपते, स्फटिकरूप नसलेला पदार्थ रेषाच देत नाही, आणि मुख्य स्फटिकात विरघळलेला परका धातूही वेगळा दिसत नाही. विवर्तन पदार्थाची ओळख पटवते. पाणी आणि कार्बोनेट तापवून वजनाची घट पाहून किंवा अवरक्त वर्णपटात शोधावेत, धातू आयसीपीवर. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या मूलद्रव्य-विश्लेषणावर सूक्ष्म अंशांसाठी विसंबू नये.

दळण्याकडेही लक्ष द्या. अगेटचा खल सिलिका देतो, पोलादी गोळ्या लोह देतात, झिर्कोनियाच्या गोळ्या झिर्कोनियम देतात. एकदा आमच्याकडच्या ॲल्युमिनात तांबे आणि जस्त निघाले आणि आम्ही आठवडाभर रसायनांच्या बाटल्या तपासत बसलो. अखेर लक्षात आले, की भुकटी पितळी चाळणीतून चाळलेली होती.

प्रश्न: शाळेत आयसीपी नाही, भट्टी नाही, चांगला वजनकाटा आहे. नववीच्या मुलांना ऑक्साइड तयार करून त्याची शुद्धता तपासण्याचा अनुभव देता येईल का?
(विज्ञान शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर: बाई, नक्की देता येईल, आणि त्यासाठी मोरचुदासारखे (कॉपर सल्फेट) दुसरे काही नाही. १० ग्रॅम मोरचूद शंभरेक मिलिलिटर पाण्यात विरघळवा. दुसऱ्या भांड्यात कॉस्टिक सोड्याचे गरम द्रावण ठेवा, सुमारे ४ ग्रॅम सोडा पुरेसा होतो. हे द्रावण तुम्हीच हाताळा, मुलांच्या डोळ्यांवर चश्मे असू द्या. मोरचुदाचे द्रावण सोड्यात हळूहळू ओता, सोडा मोरचुदात नको. उलट केले तर सुरुवातीला सोडा अपुरा पडतो, साका निळ्याऐवजी हिरवट होतो आणि त्यात सल्फेट अडकून बसते. बरोबर क्रमाने केले, की आधी निळा गोळा दिसेल आणि भांडे गरम ठेवून ढवळत राहिल्यावर मुलांच्या डोळ्यांदेखत तो काळा पडेल. पाण्यात असतानाच हायड्रॉक्साइडमधले पाणी निघून जाते, हे पाहून नववीतली मुले हमखास प्रश्न विचारतात.

काळी भुकटी गाळून, वर सांगितल्याप्रमाणे थोड्या थोड्या गरम ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन, प्रत्येक निथळ बेरियम क्लोराइडने तपासायला मुलांनाच द्या. बेरियमचे क्षार विषारी आहेत, तेव्हा थेंब ड्रॉपरनेच घ्यावेत आणि उरलेले मोरीत न ओतता वेगळ्या बाटलीत जमा करावे. भुकटी वाळवून तोला. १० ग्रॅम मोरचुदापासून कॉपर ऑक्साइड जास्तीत जास्त ३.१९ ग्रॅम मिळू शकते. एखाद्या गटाला ३.५ ग्रॅम मिळाले तर त्यांना शाबासकी देण्याआधी ते आणखी एकदा धुवायला आणि पुन्हा वाळवायला सांगा, आणि वजन कितीने उतरले ते फळ्यावर लिहा.